गाणं आपलं, कमाई कुणाची?

कलाकाराचं पोट कॉपीराइटवर चालतं का, या एकाच प्रश्नाभोवती फिरणारी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. कायद्याचे तपशील देशागणिक बदलतात. जिथे एखाद्याच देशाचा नियम सांगितला आहे तिथे त्या देशाचं नाव दिलं आहे. बाकीचं कुठल्याही कलाकाराला लागू पडेल.

प्रश्न : ओळखीतले सगळे गायक-वादक कार्यक्रम आणि शिकवण्या यांवर जगतात. रॉयल्टी आलीच तर नावापुरती. मग कॉपीराइट नसता तर कलाकाराचं नेमकं काय बिघडलं असतं?

उत्तर : निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. संगीतात पैसा दोन वाटांनी येतो. एक, काम केल्याचा: कार्यक्रमाची बिदागी, शिकवणीची फी, स्टुडिओत वाजवल्याचं मानधन. घसा बसला किंवा मनगट दुखावलं की हा पैसा त्याच दिवशी थांबतो. दुसरा, केलेलं काम लोक वापरत राहतात त्याचा. कॉपीराइटचा संबंध फक्त या दुसऱ्या पैशाशी आहे. मंचावर उभा राहणाऱ्याकडे पहिली वाट असते. तो कॉपीराइटशिवायही कसाबसा तग धरेल. पण गीतकाराचं काय? जो चाल बांधतो आणि कधी लोकांसमोर येत नाही, त्याचं काय? त्याच्या नावावर तिकीट विकलं जात नाही. कॉपीराइट काढून घेतला तर त्याच्या हाती एकदाच मिळणारी रक्कम उरते, आणि ती देणाऱ्यालाही ठाऊक असतं की गाणं एकदा बाहेर पडलं की कुणीही ते फुकट उचलणार. त्यामुळे तो देतोही हात आखडूनच.

बीथोव्हेनच्या काळात नेमकं हेच होत असे. एका देशात छापलेलं संगीत शेजारच्या देशातला प्रकाशक बिनदिक्कत पुन्हा छापे. म्हणून एकच रचना वेगवेगळ्या देशांतल्या प्रकाशकांना एकाच सुमारास विकण्याची त्याची धडपड असे. १८०७ साली लंडनचे प्रकाशक क्लेमेंटी यांच्याशी त्याने केलेला करार असाच होता: काही मोठ्या रचनांचे ब्रिटनपुरते हक्क, २०० पौंडांना. जी काही कमाई व्हायची ती पहिल्याच विक्रीत. रचना पुढे कितीही वाजो, त्याची त्यात भर पडणार नव्हती.

मात्र नुसता कायदा झाल्यानेही पैसा येत नाही. फ्रान्समध्ये जाहीर प्रयोगावरचा लेखकाचा हक्क १७९१ सालीच मान्य झाला होता, पण कॅफेंमधून रोज वाजणाऱ्या गाण्यांचे पैसे कुणी मागत नव्हतं. १८४७ साली एर्नेस्त बुर्जे हा गीतकार संगीतकार मित्रांसह पॅरिसच्या एका कॅफेत बसला असताना तिथे त्यांचीच गाणी चालली होती. गाण्यांचे पैसे मिळत नसतील तर आम्हीही बिल देणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. प्रकरण न्यायालयात गेलं, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १८५१ साली वसुलीसाठी सासेम ही संस्था उभी राहिली. म्हणजे कायदा होऊन पैसा गोळा होण्याची व्यवस्था लागेपर्यंत ६० वर्षं गेली. सातबारा नावावर आहे म्हणून शेत आपोआप पिकत नाही. पण नावावर नसेल तर पिकलेलं दुसऱ्याच्या कोठारात जातं, तसाच हा प्रकार.

आणखी एक दाखला इटलीचा. फ्रेंच अमलामुळे १८०१ साली लोम्बार्डी आणि व्हेनिस या भागांत कॉपीराइट आला, बाकीच्या इटालियन राज्यांत तो पुढे कित्येक वर्षं नव्हता. दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासात दिसलं की कॉपीराइट आलेल्या भागांत नवे ऑपेरा वाढले, आणि दीर्घकाळ टिकणारे ऑपेराही वाढले. मुदत वाढवत नेल्याचा मात्र तसा फायदा दिसला नाही. आमचं मतही याच बाजूचं आहे: हक्क हवाच, पण त्याची आजची मुदत जिवंत कलाकाराच्या गरजेपेक्षा फार लांब आहे. कलाकाराचं नुकसान मुदत कमी पडल्याने होत नाही. हक्क लवकर विकल्याने आणि नोंद न केल्याने होतं.

प्रश्न : आम्ही चौघांचा बँड आहे. गाणी दोघं लिहितात. स्ट्रीमिंगचे पैसे नेमके कसे वाटले जातात?

उत्तर : आधी एक गोष्ट मनात पक्की करा. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल मिळून *रचना*. तिचे मालक गीतकार-संगीतकार. ती रचना गाऊन-वाजवून पकडलेला आवाज म्हणजे *ध्वनिमुद्रण*, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. त्याचा मालक बहुधा ध्वनिमुद्रणाचा खर्च करणारा. दोन्हींचे पैसे वेगळ्या नळांतून येतात. एका नळाखाली बादली लावली म्हणून दुसरा भरत नाही.

स्ट्रीमिंग सेवेकडे १०० रुपये जमा झाले असं धरा. साधारण ३० ती स्वतःकडे ठेवते, ५५ च्या आसपास ध्वनिमुद्रणाला आणि १५ च्या आसपास रचनेला जातात. सेवेनुसार आकडे थोडे हलतात, पण ठोकताळा हाच.

तुम्ही स्वतःच गाणं प्रसिद्ध केलं आणि ते सेवांवर चढवणाऱ्या वितरकाने १५ टक्के घेतले, तर ५५ पैकी ४६.७५ उरतात. चौघांत प्रत्येकी ११.७०. रचनेच्या १५ मधून प्रकाशकाने, म्हणजे रचनेचे हक्क आणि वसुली सांभाळणाऱ्याने, २० टक्के घेतले तर १२ उरतात. लिहिणाऱ्या दोघांना प्रत्येकी ६. म्हणजे लिहिणाऱ्याला १७.७०, नुसतं वाजवणाऱ्याला ११.७०. आता तेच गाणं लेबलकडे, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनीकडे, २० टक्के रॉयल्टीवर दिलंत तर ५५ चे तुमच्या वाट्याला ११ येतात, प्रत्येकी २.७५. तेही लेबलने आधी दिलेली आगाऊ रक्कम फिटल्यावर. रचनेचे ६ मात्र तसेच राहतात आणि कुणाचं काही फिटण्याची वाट पाहत नाहीत. लेबलकडे असलेल्या बँडमध्ये गीतकाराकडे पैसा का दिसतो आणि ड्रमर का कुरकुरतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे. पुष्कळ बँड यावरून फुटले आहेत. काही बँड आधीच ठरवतात की कुणीही लिहिलं तरी रचनेचा वाटा चौघांत सारखा. पहिलं गाणं चालण्याआधीच हे ठरवा. गाणं चालल्यानंतर कुणीच आपला वाटा सोडत नाही.

आता वाटपाची पद्धत, कारण तक्रारीचं खरं मूळ तिथे आहे. बहुतेक सेवा ऐकणाऱ्याचे पैसे थेट त्याच्या आवडत्या कलाकाराला देत नाहीत. महिन्याचा सगळा पैसा एका हौदात जातो आणि एकूण ऐकण्यातल्या हिश्श्याप्रमाणे वाटला जातो. समजा सेवेचे दोनच ग्राहक आहेत, दोघंही १०० रुपये देतात. पहिला महिनाभर फक्त तुमचा बँड ऐकतो, ५० वेळा. दुसरा दिवसभर एकाच बड्या गायकाला लावून ठेवतो, ९५० वेळा. हौदात १४० रुपये. एकूण ऐकणं १,०००, त्यात तुमचं ५० म्हणजे ५ टक्के: तुम्हाला ७ रुपये. ज्याने फक्त तुम्हालाच ऐकलं त्याच्या १०० पैकी हक्कदारांसाठी ७० निघाले होते. त्यातले ६३ त्याने कधी न ऐकलेल्या गायकाकडे गेले. ऐकणाऱ्यागणिक वाटप केलं तर हेच ७० तुमचे. साउंडक्लाउड या सेवेने २०२१ पासून स्वतंत्र कलाकारांसाठी अशी पद्धत सुरू केली. उलट स्पॉटिफायवर २०२४ पासून आधीच्या १२ महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. तेव्हा रॉयल्टी तुटपुंजी असण्याचं खापर कॉपीराइटवर फोडण्याआधी वाटपाकडे पाहा.

प्रश्न : एक कंपनी माझ्या गाण्याचे सगळे हक्क एकरकमी मागते आहे. रक्कम बरी आहे. सही करू का?

उत्तर : कराराच्या मसुद्यात तीन शब्द शोधा: कायमस्वरूपी, जगभर, आणि सर्व माध्यमांसाठी (“भविष्यात निर्माण होणाऱ्या माध्यमांसह” असंही लिहिलेलं असतं). तिन्ही एकत्र असतील तर ती विक्री आहे, वरती शीर्षक काहीही असो. पैशाची निकड असेल तर किमान एकाला कात्री लावा. मुदत ५ किंवा ७ वर्षं करा, किंवा ठरलेलं एकच माध्यम द्या. आणि ध्वनिमुद्रण विकलंत तरी रचना विकू नका. जाहीर वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा, वाटा बहुतेक ठिकाणी निम्मा असतो आणि तो वसुली संस्थेकडून (हे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडून) थेट तुमच्या खात्यात येतो. प्रकाशकाच्या हातातून न जाणारा हा एकमेव पैसा आहे. “लेखकाचा वाटाही प्रकाशकाकडे” अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा.

एकरकमी ऐवजी आगाऊ रक्कम देऊ केली तर हिशेब असा मांडा. आगाऊ १ लाख, रॉयल्टी १५ टक्के. बाजारातून लेबलकडे १ लाख आले की तुमचं फिटलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. फेड तुमच्या १५ टक्क्यांतूनच होते, म्हणजे लेबलकडे सुमारे ६ लाख ६७ हजार यावे लागतात, तेव्हा तुमच्या खात्यावरचं १ लाख फिटतं. तोवर तुमच्या हाती नवा पैसाही नाही. त्यात व्हिडिओचा आणि जाहिरातीचा खर्च “फेडीला पात्र” म्हणून घातला असेल तर हा आकडा आणखी पुढे सरकतो. म्हणून कुठला खर्च फेडीत धरायचा याची यादी करारातच नावानिशी हवी. आणि एका अल्बमची तूट दुसऱ्या अल्बमच्या कमाईतून, किंवा रचनेच्या कमाईतून, वळती करणार नाही अशी ओळ हवी.

विकणाऱ्याला कायद्याने दिलेले आधारही आहेत. अमेरिकेत १९७८ नंतर केलेलं हस्तांतर लेखकाला ३५ वर्षांनी रद्द करता येतं; नोटीस किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त १० वर्षं आधी द्यावी लागते, आणि ती संधी हुकली की गेली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने वर्षातून किमान एकदा हिशेब मागण्याचा हक्क दिला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा विकून टाकताच येत नाही. करारात तसं लिहिलं तरी ते कलम निरर्थक ठरतं. हे आधार सगळ्यांना पुरत नाहीत. पण ते आहेत हे माहीत असलेला माणूस वाटाघाटीला वेगळ्या आवाजात बसतो.

प्रश्न : मी स्टुडिओत वाजवतो. गाणं माझं नाही. मला कॉपीराइटचा काय उपयोग?

उत्तर : रचनेचा हक्क तुमचा नाही, पण सादरकर्त्याचा हक्क तुमचा आहे. १९६१ च्या रोम करारात प्रसारणासाठी वाद्य-गायन कलाकारांना किंवा निर्मात्यांना, किंवा दोघांना, मोबदला देण्याची तरतूद आहे, आणि अनेक देशांत रेडिओकडून तो गोळा होतो. अमेरिकेतलं साधं रेडिओ प्रसारण हा ठळक अपवाद: तिथे गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गायक-वादकाला नाही. डिजिटल रेडिओचे मात्र तिथेही मिळतात. साउंडएक्स्चेंज ही संस्था ते गोळा करते आणि ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकारांना, ५ टक्के साथीच्या कलाकारांच्या निधीला देते. युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणाची मुदत ५० वरून ७० वर्षं केली, तेव्हा वाढीव वर्षांच्या उत्पन्नातले २० टक्के एकरकमी मानधनावर वाजवलेल्यांसाठी बाजूला काढायला सांगितलं.

हे पैसे मिळण्यात अडचण एकच येते: तुम्ही वाजवलंत याची नोंद नसते. मोठ्या स्टुडिओत कुणीतरी यादी भरतो, घरच्या स्टुडिओत कुणीच भरत नाही. त्या दिवशीच गाण्याचं नाव, तारीख, वाद्य, तुमचं पूर्ण नाव लिहून निर्मात्याची सही घ्या, निदान त्याच्याकडून संदेश तरी घ्या. नंतर गाण्याचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) मिळाला की सादरकर्त्यांच्या संस्थेत दावा लावा. वाजवणाऱ्याच्या हाती काहीच न लागण्याचं एक दुखरं उदाहरण १९६९ सालचं आहे. द विन्स्टन्स या बँडच्या एका ध्वनिमुद्रणात ग्रेगरी कोलमन यांनी ६-७ सेकंदांचा ड्रम एकट्याने वाजवला. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत कापून वापरला गेला, त्यावर संगीताचे नवे प्रकार उभे राहिले. कोलमन यांना त्याची रॉयल्टी मिळाली नाही.

प्रश्न : गाणं लिहिलं की स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावं, पाकीट फोडू नये, म्हणजे कॉपीराइट होतो असं सांगतात. खरं का?

उत्तर : नाही. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार, आणि जवळपास सगळे देश त्यात आहेत, कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो. पाकिटाने तो मिळत नाही आणि पुरावा म्हणूनही पाकीट कच्चं असतं, कारण उघडं पाकीट पाठवून मागाहून बंद करता येतं. पुरावा हवा असेल तर प्रोजेक्ट फाइल, कच्चे टेक, फोनवर गुणगुणलेली पहिली चाल आणि सहकाऱ्याला पाठवलेला ईमेल तारखांसह जपा. सरकारी नोंदणीचं महत्त्व भांडण झालं तर. अमेरिकेत तिथल्या रचनेसाठी दावा लावण्याआधी ती लागतेच.

पण पत्रांवरून दिसतं की लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. कॉपीराइटची नोंदणी वेगळी आणि पैसे मिळण्यासाठीची नोंद वेगळी. पहिली केली नाही तरी बहुधा चालतं. दुसरी केली नाही तर पैसा येतच नाही. ती अशी करायची.

गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी, स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी, वाटणीचा कागद करा. गाण्याचं नाव, पर्यायी नाव असल्यास तेही, प्रत्येक लिहिणाऱ्याचं कायदेशीर नाव, शब्द की चाल की दोन्ही, टक्के, वसुली संस्थेचं नाव, आयपीआय हा लिहिणाऱ्याचा ओळख क्रमांक, तारीख, सह्या. बेरीज बरोबर १०० झाली पाहिजे. तिघांनी आपापल्या घरी बसून आपापल्या मनाने नोंद केली आणि बेरीज ११० आली की संस्था ते गाणं वादात टाकते आणि कुणालाच पैसे देत नाही. पुष्कळ पैसा या साध्या चुकीने अडकतो.

मग तीन क्रमांक. *आयपीआय* माणसाचा असतो, वसुली संस्थेचं सदस्यत्व घेतलं की मिळतो. *आयएसडब्ल्यूसी* रचनेचा, टी अक्षराने सुरू होणारा. रचना संस्थेकडे नोंदवली की मिळतो. *आयएसआरसी* ध्वनिमुद्रणाचा, १२ अक्षर-अंकांचा, ज्यात मधले दोन अंक वर्षाचे असतात. तो वितरक किंवा लेबल देतं. एका रचनेचे दहा ध्वनिमुद्रण झाले तर आयएसडब्ल्यूसी एकच, आयएसआरसी दहा. तेच मास्टर वितरक बदलून पुन्हा चढवताना जुनाच आयएसआरसी द्या. नवा घेतलात तर ऐकण्याची मोजणी दोन तुकड्यांत विभागते. उलट रीमिक्सला किंवा मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाला जुना क्रमांक लावणं चूक. नावाचं स्पेलिंगही सगळीकडे एकच ठेवा, आद्याक्षरासकट.

हे कारकुनी काम वाटतं. पण अमेरिकेत फेब्रुवारी २०२१ मध्ये स्ट्रीमिंग सेवांनी मालकच न जुळलेल्या रचनांचे साठलेले सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर नव्या वसुली संस्थेकडे सोपवले. गाणी वाजली होती, पैसे निघाले होते, नाव-क्रमांक जुळत नव्हते.

प्रश्न : आम्ही कार्यक्रमात स्वतःचीच गाणी गातो. त्याचेही पैसे मिळतात?

उत्तर : मिळतात, आणि बहुतेक जण ते सोडून देतात. कार्यक्रमाच्या जागेने किंवा आयोजकाने संस्थेचा परवाना घेतला असेल तर त्या पैशातला वाटा गायलेल्या रचनांच्या लेखकांचा असतो, लेखक स्वतः गात असला तरी. कार्यक्रमानंतर गाण्यांची यादी संस्थेच्या पोर्टलवर भरा: तारीख, जागा, आयोजक, प्रत्येक गाण्याचं नोंदलेलं नाव. मुदत असते, उलटली की दावा जातो. म्हणून घरी परतताना गाडीतच भरून टाकायची सवय लावा. नोंद न केलेलं गाणं यादीत लिहून उपयोग नाही.

प्रश्न : माझ्याच गाण्यावर माझ्याच यूट्यूब चॅनेलला कॉपीराइटचा दावा आला. हे कसं?

उत्तर : बहुधा तुमच्या वितरकानेच तुमच्या वतीने गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकलेलं असतं आणि यंत्राला चॅनेल तुमचं आहे हे माहीत नसतं. वितरकाला चॅनेलचा पत्ता देऊन ते वगळायला सांगा. हे गाणं चढवण्याआधीच केलं तर उत्तम.

दुसरं कारण अवघड आहे. तुम्ही बाजारातून बीट किंवा लूप (गाण्याखाली लावायचा तयार ताल किंवा तुकडा) घेतला असेल, तर तोच लूप शेकडो जणांकडे असतो. त्यांच्यापैकी एकाने आपलं गाणं कंटेंट आयडीत टाकलं की बाकी सगळ्यांवर दावे सुटतात. अशा परवान्यांत बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की या बीटवरचं गाणं कंटेंट आयडीत टाकू नका. वाचत कुणी नाही. तिसरं, कॉपीराइट संपलेली जुनी रचना तुम्ही स्वतः वाजवली असेल आणि दुसऱ्या कुणाचं ध्वनिमुद्रण समजून यंत्राने पकडली असेल. रचना मोकळी असली तरी प्रत्येक ध्वनिमुद्रण मोकळं नसतं, आणि यंत्राला दोन चांगले वादक सारखेच ऐकू येतात.

हरकत ५ दिवसांच्या आत घ्या, म्हणजे दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते. दावेदाराला उत्तराला ३० दिवस असतात. त्याने नाकारलं तर अपील करता येतं, त्याला ७ दिवस. त्यानंतर त्याच्यापुढे दोनच वाटा: दावा सोडणं किंवा व्हिडिओ काढायची औपचारिक मागणी करणं. ही मागणी मान्य झाली तर तुमच्या चॅनेलवर स्ट्राइक (नियमभंगाचा ठपका) येतो, म्हणून हक्काचे कागद हातात असल्याशिवाय अपिलापर्यंत जाऊ नका.

प्रश्न : ५-६ सेकंदांपर्यंत दुसऱ्याचं संगीत वापरलं तर चालतं ना?

उत्तर : असा सेकंदांचा नियम कुठेच नाही. तुकडा कापून वापरायला दोन परवानग्या लागतात, रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. तीच चाल स्वतः वाजवून घेतली तर ध्वनिमुद्रणाची लागत नाही, रचनेची लागतेच. अमेरिकेत २००५ साली एका अपील न्यायालयाने परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका, इतकी कडक भूमिका घेतली. २०१६ साली दुसऱ्या अपील न्यायालयाने क्षुल्लक तुकडा माफ केला. दोन्ही निकाल आजही आपापल्या भागात उभे आहेत. क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या सुमारे २ सेकंदांच्या तुकड्यावरून जर्मनीत १९९९ पासून खटला चालला. त्यात २०१९ साली युरोपीय न्यायालयाने सांगितलं की तुकडा कानाला ओळखू न येण्याइतका बदलला असेल तर परवानगी लागत नाही. २ सेकंदांसाठी २० वर्षं. परवानगी गाणं बाहेर पडण्याआधी मागा. गाजल्यावर मागितली तर समोरचा रचनेचा निम्मा वाटाही मागू शकतो आणि तुमच्याकडे नाही म्हणायला जागा नसते.

दुसऱ्याचं अख्खं गाणं नव्याने गायचं असेल तर प्रकरण सोपं आहे. अमेरिकेत मालकाला नाही म्हणता येत नाही, ठरलेला दर द्यायचा. (हा दर १९०९ पासून १९७७ पर्यंत एका प्रतीमागे २ सेंटच राहिला. महागाई कितीतरी पट वाढली, गीतकार तिथेच. हक्क आहे, पण दर दुसऱ्याच्या हातात, तेव्हा असं होतं.) व्हिडिओसाठी मात्र वेगळी परवानगी लागते आणि तिथे मालक नाही म्हणू शकतो.

प्रश्न : मला गाणी मोफतच द्यायची आहेत. लोक आपणहून पैसे देतील. कॉपीराइट सोडून देऊ?

उत्तर : सोडू नका, परवाना द्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे ठरावीक अटींवर काम मोफत वापरू देणारे तयार परवाने, कॉपीराइटवरच उभे आहेत. हक्कच नसेल तर “नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका” ही अट घालणार कशाच्या जोरावर? बिगर-व्यावसायिक परवाना दिलात तर श्रोता मोकळेपणी वाटू शकतो आणि जाहिरात कंपनीला तुमच्याकडेच यावं लागतं. दोन खबरदाऱ्या घ्या. हा परवाना मागे घेता येत नाही. पुढच्या प्रतींवर तो लावणं थांबवाल, पण आधी घेतलेल्यांकडे तो राहतोच. आणि वसुली संस्थेचं सदस्यत्व आधी तपासा. अमेरिकेतल्या मोठ्या संस्थांकडे हक्क अनन्य नसतो, म्हणजे सदस्य स्वतःही परवाना देऊ शकतो, पण अनेक देशांत सदस्य होताना हक्क संस्थेकडे सोपवला जातो. तिथे परस्पर मोफत परवाना देणं कराराचा भंग ठरू शकतं. युरोपीय संघात २०१४ च्या निर्देशाने सदस्यांना बिगर-व्यावसायिक परवाने देण्याची मुभा दिली आहे.

प्रश्न : वडील चाली बांधायचे. आता ते नाहीत. आमच्याकडे काय उरतं आणि काय करावं?

उत्तर : रचनेचा हक्क बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं असतो. भारतात ६०, युरोपीय संघात आणि अमेरिकेत साधारणतः ७०. दोघांनी मिळून केलेल्या रचनेची मुदत शेवटच्या हयात लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात. प्रथम त्यांच्या वसुली संस्थेला कळवा. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा वारसाचा दाखला, आणि वारसांपैकी एकाला पैसे घेण्याचा अधिकार देणारं पत्र लागतं. मग संस्थेकडून त्यांच्या नोंदलेल्या रचनांची यादी मागा आणि घरातल्या वह्या, कॅसेटी, जुने करार यांच्याशी ताडून पाहा. यादीत नसलेल्या रचना वारसांना नोंदवता येतात.

जुने करार रद्दीत देऊ नका, अगदी “सगळं विकून टाकलंय” असं घरात बोललं जात असलं तरी. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा यांनी १९३९ साली ध्वनिमुद्रित केलेल्या आपल्या गाण्याचे हक्क पुढे १० शिलिंगांना दिले. त्यातून निघालेलं गाणं जगभर गाजलं, आणि लिंडा १९६२ साली गरिबीत वारले. पण मूळ हक्कांना १९११ चा ब्रिटिश कायदा लागू होता, आणि लेखकाने विकलेला हक्क त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी वारसांकडे परत येतो असं त्यात होतं. त्या एका कलमावर वारसांनी २००४ साली दावा लावला आणि २००६ साली तडजोड होऊन त्यांना रॉयल्टीचा वाटा मिळाला. म्हणून वडिलांच्या प्रत्येक करारावरची तारीख, सही झालेला देश आणि मुदतीचं कलम एका कागदावर उतरवून काढा, आणि कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाकडे जाताना तो कागद मूळ करारांसह न्या.